शिल्पाने मिळवलेले धन

स्त्रीने स्वतःच्या हुन्नरावर मिळवलेल्या पैशाचा मालक कोण, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत उघडपणे विचारलेला आढळतो. आजच्या लघुउद्योगावरच्या चर्चेत तो क्वचितच ऐकू येतो. बोलणे होते ते भांडवलाचे, तारणाचे, प्रशिक्षणाचे, बाजारपेठेचे. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यातली कोणतीही उकलत गेले की तळाशी तोच प्रश्न लागतो. कष्ट जिचे आणि कर्जही जिच्या नावावर, त्या धंद्यात शेवटचा शब्द तिचा आहे का? नेतृत्वाचा विचारही इथूनच सुरू करावा लागतो, कारण जिला नाही म्हणण्याची मुभा नाही तिला नेतृत्वाचे धडे देऊन काही साधत नाही.

पिंपरी-चिंचवडमधील चिखली हे गाव या प्रश्नाची जुनी आणि नवी अशी दोन्ही टोके धरून आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव देहू आणि आळंदीच्या दरम्यान वसलेले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी मोजले जातात. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले अशी गावची श्रद्धा आहे, म्हणून आजही गावाला टाळगाव चिखली म्हणतात. महापालिकेने उभारलेले संत तुकाराम महाराज संतपीठ इथेच आहे. १९९७ साली गाव महापालिका हद्दीत आले, आणि शेतजमिनीच्या जागी पत्र्याच्या शेड, गाळे, गोदामे आणि गृहसंकुले उभी राहिली. तळवडे, कुदळवाडी, भोसरी आणि नदीपलीकडचे चाकण या पट्ट्यातल्या मोठ्या वाहन कारखान्यांना लागणारे लहानसहान काम अशा गाळ्यांतून होते.

वायर हार्नेसचा एखादा गाळा पाहावा. एका टेबलावर ठरलेल्या मापाने तोडलेल्या वायरी, शेजारी टर्मिनल दाबायचे क्रिम्पिंग मशीन. पुढे लाकडी फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्याभोवती वायरी फिरवून, टेप गुंडाळून हार्नेस बांधायचा. शेवटी टेस्टिंग बोर्ड. सगळी कनेक्शन जुळली तर दिवा लागतो, नाहीतर तो नग बाजूला. या टेबलांवर बहुधा बायकाच काम करतात. बारीक काम, एका जागी बसून, न चुकता, हे त्यांना जमते असे मालक सांगतात. कधी गाळ्याच्या पाटीवर प्रोप्रायटर म्हणूनही बाईचेच नाव असते. उद्यम नोंदणी तिच्या नावे, जीएसटी तिच्या नावे, बँकेचे कर्जही तिच्या नावे, कारण महिलांसाठीच्या योजनेत व्याजाची सवलत मिळते. मात्र कंपनीचा माणूस चलन घेऊन आला की विचारतो, साहेब कुठे आहेत? दर ठरवायचा, माल परत घ्यायचा की नाही ते ठरवायचे, नवे मशीन घ्यायचे, यातला कोणताही निर्णय तिच्याकडे न जाता होऊ शकतो. चेकवर सही मात्र तिची.

हा प्रकार आधुनिक वाटला तरी त्यामागची मांडणी फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा आणि दास या तिघांना निर्धन म्हटले आहे. ते जे मिळवतील ते ज्याचे ते असतील त्याचे. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार येतात: विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून आलेले. या सहांत एकही प्रकार कमाईचा नाही. स्त्रीला धन मिळते ते कोणीतरी दिल्यामुळे, हे त्यात गृहीत आहे.

कमाईचा विषय कात्यायनाने हाताळला. कात्यायनस्मृती संपूर्ण ग्रंथ म्हणून हाती आलेली नाही. नंतरच्या धर्मनिबंधकारांनी ठिकठिकाणी दिलेली तिची वचने म. म. पां. वा. काणे यांनी एकत्र करून १९३३ साली प्रसिद्ध केली. त्यांतील एका वचनाचा आशय असा की शिल्पाने, म्हणजे हाताच्या कसबाने, स्त्रीने जे मिळवले आणि परक्याने प्रेमाने जे दिले, त्यावर स्वामित्व नवऱ्याचे. उरलेले ते स्त्रीधन. माहेरचा दागिना तिचा, पण सूत कातून, विणून, रंगवून मिळालेला पैसा तिचा नाही. दिलेल्या धनाला संरक्षण आणि मिळवलेल्या धनाला नाही, हा उलटा न्याय आहे, आणि स्त्रियांच्या उद्योगाची पुढची सगळी कोंडी त्यात बीजरूपाने दिसते.

तरीही कात्यायनाला नुसते दोष देऊन थांबणे योग्य नाही. धन कोणाचे आणि ते खर्चण्याची, विकण्याची, देऊन टाकण्याची मुभा कोणाला, हे दोन प्रश्न त्याने वेगळे ओळखले. आप्तांनी मायेने दिलेले ते सौदायिक, आणि त्याबाबत स्त्री पूर्ण स्वतंत्र. ती ते विकू शकते, दान करू शकते, त्यात स्थावरही आले. इतर धन नावाने तिचे असले तरी त्याच्या विनियोगावर बंधने. स्वामित्व एकाकडे आणि स्वातंत्र्य दुसऱ्याकडे असू शकते, हे त्याने पाहिले. चिखलीच्या गाळ्यातली नावापुरती मालकीण नेमकी या फटीत उभी आहे. कायद्याने स्वामित्व तिला दिले आहे, विनियोगाचे स्वातंत्र्य घराने अजून दिलेले नाही.

या वादातले सर्वांत मोलाचे पान धर्मशास्त्रात नाही, ते पूर्वमीमांसेत आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न येतो की यज्ञ करण्याचा अधिकार स्त्रीला आहे का. आक्षेप घेणारा पूर्वपक्ष म्हणतो, यज्ञाला द्रव्य लागते आणि स्त्रीजवळ स्वतःचे द्रव्य नसते. भाष्यकार शबरस्वामी इथे एक साधी शंका काढतो: तिने सूत कातून पैसा मिळवला आणि त्यावर यज्ञ केला तर? पूर्वपक्षाचे उत्तर कठोर आहे. ती स्वतःच दुसऱ्याची, तेव्हा तिने मिळवलेलेही त्या दुसऱ्याचेच. मनू आणि कात्यायन ज्या वाटेने जातात तीच ही वाट. पण जैमिनीचा सिद्धान्त उलटा आहे. फळाची इच्छा आणि त्यासाठीचा उत्साह स्त्रीत आणि पुरुषात सारखाच असतो, म्हणून अधिकारही आहे. स्त्रीला निर्धन ठरवणारी स्मृती श्रुतीच्या विरोधात जात असेल तर ती प्रमाण मानता येत नाही, असे शबर स्पष्ट सांगतो. त्याच अध्यायात पुढे तिचा वाटा नवऱ्याच्या बरोबरीने नव्हे, तर काही ठरावीक कृत्यांपुरता राखला आहे, हेही नोंदवले पाहिजे. तरी युक्तिवादाचा पाया लक्षात ठेवण्याजोगा आहे. अधिकार कशावरून ठरतो? दुबळेपणाची दया येऊन नव्हे, तर इच्छा आणि उत्साह यांवरून. उद्योगाचे याहून नेमके लक्षण सांगणे कठीण आहे.

पुढे विज्ञानेश्वराने, कल्याणच्या म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या चालुक्य दरबारात मिताक्षरा लिहिताना, याज्ञवल्क्याच्या स्त्रीधनाच्या यादीतल्या ‘आद्य’, म्हणजे ‘इत्यादी’, या एका शब्दाचा आधार घेऊन वारसा, खरेदी, वाटणी यांतून आलेले धनही स्त्रीधनात घेतले. शास्त्राच्या चौकटीत राहून चौकट रुंद करण्याचा तो प्रयत्न होता. परंपरेत एकच आवाज होता असे मानणारे, मग ते तिचे अभिमानी असोत की विरोधक, ही पाने वाचत नाहीत.

राज्यव्यवहाराचा ग्रंथ मात्र या तात्त्विक वादात न पडता मजुरीकडे पाहतो. कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया, विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, मुली यांच्याकडून सूत कातून घ्यावे, सुताचा बारीकपणा पाहून मोबदला द्यावा, आणि मोबदला वेळेवर न देणाऱ्या अधिकाऱ्याला मध्यम दंड करावा, असे त्यात सांगितले आहे. घरबसल्या जॉबवर्क करणाऱ्या बाईचे पेमेंट अडकते, हे कौटिल्याला ठाऊक होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक केले आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. कायदा चांगला आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते, या भीतीने लहान उद्योजक गप्प राहतो, आणि बाई असेल तर जास्तच. तिला घरातही ऐकावे लागते की उगाच कशाला वाकडे घ्यायचे.

चिखलीपासून हाकेच्या अंतरावरच्या देहूत सतराव्या शतकात घडलेला एक व्यवहार या चर्चेच्या मध्यभागी ठेवायला हवा. तुकोबांचे घराणे वाण्याचे, घरात महाजनकी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडले. पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा गेले, धंद्याचे दिवाळे निघाले. दुसरी पत्नी जिजाई, गुळवे सावकारांच्या घरची. महिपतीच्या संतचरित्रांत कथा येते की तुकोबांना पुन्हा धंद्याला लावण्यासाठी जिजाईने स्वतःच्या नावाने खत लिहून दोनशे रुपये कर्ज काढले. तुकोबांनी त्यात व्यापार केला, दोनशेचे अडीचशे केले, आणि परतीच्या वाटेवर कर्जापायी गांजलेल्या एका गृहस्थाला ते सगळे देऊन टाकले. घरी आल्यावर जिजाई संतापली.

महिपती तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होता, आणि त्याची कथा भक्ताची आहे, दप्तरातली नोंद नव्हे. पण कीर्तनांतून ही कथा शतकानुशतके सांगितली गेली, आणि सांगताना बहुतेक वेळा जिजाई कजाग, प्रपंचात बुडालेली बायको ठरली. कथेतला व्यवहार वेगळा काढून पाहिला तर चित्र बदलते. भांडवल उभे केले तिने. स्वतःची पत लावून उभे केले, खत आपल्या नावाने लिहिले, फेडीची जबाबदारी घेतली. धंदा फायद्यात गेला म्हणजे तिचा अंदाजही चुकला नव्हता. दान दिले गेले ते तिच्या नावावरच्या कर्जातले, आणि तिला न विचारता. तिचा राग हा लोभाचा राग नव्हे. ज्याच्या नावावर देणे आहे त्या माणसाचा तो राग आहे.

याच चरित्रातली दुसरी घटना शेजारी ठेवली तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्याआधी काय झाले हे कमी सांगितले जाते. धाकटा भाऊ कान्होबा यालाही संसार पाहायचा होता, म्हणून त्याच्या वाट्याची निम्मी खते त्याला वेगळी काढून दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या हक्काचे आपण सोडायचे नसते, ही जाण त्या त्यागात होती. भावाचा वाटा वाटा म्हणून दिसला. बायकोच्या कर्जाकडे पाहताना परंपरेला तसा वाटा दिसला नाही. तुकोबांच्या थोरवीला यात उणेपणा येत नाही. त्यांच्या काळात बायकोचे वेगळे खाते असू शकते हे फारसे कोणाच्या हिशेबात नव्हते. उणेपणा आहे तो कथा ऐकून जिजाईला हसणाऱ्या पुढच्या पिढ्यांचा.

त्यागाचा प्रश्न इथे स्वामित्वाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. जे आपले आहे तेच सोडता येते. ज्याचे काही नाही तो त्यागी होत नाही, त्याच्याकडून नुसते काढून घेतले जाते. घरातल्या बाईने फळाची अपेक्षा न धरता राबावे, हा उपदेश देताना गीतेचा आधार सर्रास घेतला जातो. गीतेचे सांगणे कर्त्याला उद्देशून आहे. कर्त्याने आपल्या कर्माच्या फळात आसक्ती ठेवू नये. ते फळ शेजारच्याने उचलावे असा त्याचा अर्थ कोणत्याही भाष्यातून निघत नाही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी गीतेचे तात्पर्य संन्यासात नसून कर्मयोगात आहे असे मांडले, आणि ज्ञानी माणसानेही लोकसंग्रहासाठी व्यवहार करत राहावे असे सांगितले. व्यवहार करायचा तर नफा-तोटा मोजावा लागतो, मजुरी ठरवावी लागते, वसुलीला जावे लागते. तुकोबांच्या वाणीतही प्रामाणिक धंद्यातून पैसा मिळवायला ना नाही. त्यात मन गुंतवायला आहे. निष्कामतेचा हा अर्थ घेतला तर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईने पोळीचा दर काढताना पीठ, तेल, गॅस यांच्याबरोबर स्वतःच्या तासांची मजुरी धरणे हा स्वार्थ ठरत नाही. ती धरली नाही तर हिशेबच खोटा होतो. चिखली-चाकण पट्ट्यात एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे पुरवणाऱ्या किती मेस केवळ याच एका चुकीने तोट्यात जातात! आपले श्रम फुकटचे आहेत असे मालकिणीला घरातून शिकवलेले असते, आणि तेच ती दरात उतरवते.

नेतृत्वाचा पहिला धडा म्हणून काही सांगायचे तर हेच: स्वतःला पगार लावणे. पुस्तकात ते किरकोळ वाटते. पण दर महिन्याला ठरलेली रक्कम मालकिणीच्या स्वतंत्र खात्यात जाऊ लागली की घरखर्च आणि धंदा यांची सरमिसळ थांबते, आणि धंद्याचा पैसा दिराच्या गाडीच्या हप्त्याला गेला की तो उसना गेला हे दिसते. दुसरी गोष्ट नकाराची. तोट्यातल्या दराने ऑर्डर घेऊ नये हे सगळ्यांना कळते, पण नकार द्यायला जो अधिकाराचा सूर लागतो तो बाईच्या बोलण्यात उद्धटपणा मानला जातो. तो सूर तिला एकटीने कमवावा लागतो, आणि महाराष्ट्राचा अनुभव असा की बायकांनी तो बहुतेक वेळा एकत्र येऊन कमावला.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. तिथे काम करणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ आणि प्रत्येक बहीण सहमालक. नफ्यात वाटा तसा तोट्यातही. देणगी घ्यायची नाही हा दंडक. कात्यायनाच्या वचनाला याहून सरळ उत्तर असू शकत नाही: हाताच्या कसबाचे धन, आणि त्याचे स्वामित्व लाटणारीकडेच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. या बायका गिरणी कामगारांना घरी जेवू घालत, आणि महिनाअखेर पैसे येईपर्यंत किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकत. एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. तारण म्हणून द्यायला त्यांच्याकडे एकमेकींच्या शब्दाशिवाय काही नव्हते, आणि तो शब्द बँकेला पुरला. साताऱ्यातील म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली, त्याआधी रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून फेटाळला होता. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करण्यात त्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या तोडीच्या होत्या.

पिंपरीत याच वळणाचा एक जुना प्रयोग आहे. तेव्हाच्या टेल्को या वाहन कंपनीतल्या कामगारांच्या घरच्या स्त्रियांसाठी १९७३ साली गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी स्थापन झाली. मसाले, लोणची, खाद्यपदार्थ यांपासून सुरुवात करून या बायका वाहनांना लागणाऱ्या केबल हार्नेसपर्यंत पोचल्या. स्वयंपाकघरातले कसब तेवढे बायकांचे ही समजूत या पट्ट्यात तिथे मोडली. आज महापालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. तिथे मासवडी, थालीपीठ, पापड-कुरडया यांची विक्री चांगली होते, पण वर्षातले चार दिवस स्टॉल लावणे आणि कारखान्याची वर्षभराची ऑर्डर निभावणे यांत मोठे अंतर आहे, आणि बहुतेक गट त्या अंतराच्या अलीकडेच थांबलेले आहेत. गटात आणखी एक धोका असतो. अध्यक्ष आणि सचिव कायम त्याच दोघी राहिल्या, पासबुक त्यांच्याच कपाटात राहिले, की घरातली रचना गटात उतरते; फक्त नवऱ्याची जागा अध्यक्षबाई घेतात. हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवणे आणि पदे फिरती ठेवणे हे साधे नियम त्यासाठीच आहेत.

कारण स्वामित्वाला दुसरी बाजू आहे. मालकी म्हणजे जसा उत्पन्नावरचा हक्क तसे इतरांच्या जिवाचे उत्तरदायित्व. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, चिखलीच्या शिवेला लागून, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली. सहा जणी जागच्या जागी गेल्या, पुढच्या दिवसांत रुग्णालयांत मृतांची संख्या वाढत गेली. जाणाऱ्यांत बहुतेक बायकाच होत्या. रोजावर काम करणाऱ्या. अशा शेडमध्ये बाहेर पडायला दुसरे दार आहे का, पेट घेणारा माल किती साठवला आहे, परवाना कशाचा आहे, हे विचारण्याची ताकद रोजावरच्या बाईत नसते. ते विचारणे मालकाचे, मालकिणीचे काम. गाळा भाड्याचा, मशीन कर्जाचे, ऑर्डर तातडीची, अशा वेळी सुरक्षेवरचा खर्च सर्वांत आधी पुढे ढकलला जातो. उद्योजिकेच्या अडचणी सांगताना तिच्याकडे काम करणाऱ्या बायकांचा विचार न करणे हा लेखनातला मोठा दोष आहे. सूत कातणारीचा हक्क मागायचा आणि आपल्या टेबलावर बसणारीचा विसरायचा, हे जैमिनीच्या तर्कातही बसत नाही. उत्साह आणि फळाची इच्छा तिच्यातही तेवढीच आहे.

भाड्याच्या जागेचा प्रश्न वेगळ्या रीतीने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढे आला. कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने हजारो अनधिकृत शेड पाडल्या. तिथल्या भंगाराच्या साठ्यांना लागणाऱ्या आगी आणि प्रदूषण यांच्या तक्रारी जुन्या होत्या, त्यामुळे कारवाईचे कारण समजते. पण त्यात लहान वर्कशॉपही गेले. ज्याच्याकडे जागेचा कागद त्याला निदान दाद मागता येते. बाईच्या नावावर जमीन क्वचित असते, तिचा भाडेकरार अनेकदा तोंडी असतो, आणि पाडकामानंतर तिच्याजवळ दाखवायला काही उरत नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. चिखलीसारख्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर मात्र बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत वाढली. धंद्याला तारण लागते, तारणाला जमीन लागते, आणि ती सही करून भावाला दिलेली असते.

कायद्याच्या बाजूने कात्यायनाचे वचन आता निकालात निघाले आहे, असे म्हणता येते का? १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने धंद्यातली कमाई स्त्रीची स्वतंत्र मालमत्ता ठरवली, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्यातून वगळले. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणले, ते रखडले, १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची तिला पूर्ण मालकीण केले, आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेली मालमत्ता स्पष्ट शब्दांत घातली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन नवऱ्याच्या ताब्यात असले तरी तो फक्त विश्वस्त आहे.

हे सगळे ती जिवंत असेपर्यंत. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू स्त्रीची मालमत्ता आधी मुले आणि नवरा यांच्याकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला अपवाद आहे, कमाईला नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका विधवेचे प्रकरण आले. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा जमवला आणि मृत्युपत्र न करता वारली. आईने दावा केला. न्यायालयाने सहानुभूती नोंदवली, पण कायद्याची भाषा स्पष्ट असल्याचे सांगून तिची स्वकष्टार्जित मिळकत सासरच्यांना दिली. वारशाने आलेले धन ज्या घरातून आले तिकडे परत आणि शिल्पाने मिळवलेले धन नवऱ्याच्या घराकडे: कात्यायनाची विभागणी एका कलमात अजून जिवंत आहे.

चिखलीतल्या प्रोप्रायटर बाईशी याचा थेट संबंध आहे. प्रोप्रायटरी फर्मला मालकिणीपासून वेगळे अस्तित्व नसते. ती गेली की जीएसटी नोंदणी वारसाला नव्याने घ्यावी लागते, आणि खात्यातली शिल्लक, यंत्रे आणि येणी तिच्या वारसांकडे जातात. बँकेत लावलेले नॉमिनी नाव पुरेसे आहे असा समज सर्वत्र आहे, पण नॉमिनी पैसा स्वीकारतो, मालक होत नाही. कलम १५ लागू होते ते मृत्युपत्र नसेल तेव्हाच. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणारीची सही आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हार्नेसचा गाळा मुलीने चालवावा, की गेली दहा वर्षे टेस्टिंग बोर्डावर बसणाऱ्या सहकारिणीला भागीदारीत घ्यावे, हे त्यात लिहिता येते, आणि त्यासाठी घरातल्या कोणाचीही परवानगी लागत नाही.